वादळवीर आणि जेवणानंतरची साखर

ज्ञानेशराव कुलथ्यांना 'गंधकाची विहीर' सापडली, त्या दिवशी खरं तर पाथर्डी फाट्यावर कोणीतरी फटाके वाजवायला हवे होते. वादळवीर चित्रकथामालेतला हा एकच अंक त्यांच्याकडे नव्हता. बाकीचे सगळे होते. ओळीने, एकेका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर डांबरगोळी, अशा थाटात ते पत्र्याच्या दोन पेट्यांत राहत असत. या एका अंकापायी त्यांनी जिल्ह्यातली रद्दीची दुकानं पालथी घातली होती आणि पुष्कळ ठिकाणी शिंका देऊन परत आले होते. अखेर चांदवडला, निसार रद्दीवाल्याकडे, कांद्याच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली तो निघाला.

"काका, हे पोरांचं पुस्तक आहे," निसारने प्रामाणिकपणे बजावलं. "नातवाला का?"

"हो, नातवालाच," ज्ञानेशराव म्हणाले. नातू होता, यात खोटं काही नव्हतं. फक्त तो बंगळुरूला होता आणि अजून त्याला दात येत होते.

एसटीत त्यांनी पिशवी मांडीवर धरली. शेजारच्या माणसाने पाय पसरले की ती छातीशी धरली. पिंपळगाव येईपर्यंत अंक वाचून झाला होता, ओझरपर्यंत दुसऱ्यांदा. घरी आले, कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि चप्पल काढता काढता त्यांच्या लक्षात आलं, की हे सांगायचं कोणाला?

पत्नी, सरिताबाई, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. 'दोन महिन्यांत येते' म्हणून. मग बाळाने मान धरेपर्यंत राहिल्या, मग ते बसेपर्यंत, मग दात. आता चालायला लागलं की येणार होत्या; पण ज्ञानेशरावांचा अंदाज होता, की एकदा ते चालायला लागलं की त्याच्यामागे धावायला माणूस लागेलच. तरीही त्यांनी फोन लावला.

"सरिता, सापडली!"

"काय सापडली? गॅसची पावती?"

"'गंधकाची विहीर'!"

"अहो हळू, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. कसली विहीर म्हणता? बरं, दूध तापवलंत का? ठेवते मी."

मग त्यांनी विमा कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर मुखपृष्ठाचा फोटो टाकला. एक अंगठा आला. अंगठा टाकणाऱ्याने सकाळीच एका निधनाच्या बातमीवरही तोच अंगठा टाकला होता, त्यामुळे त्याचं मोल ठरवणं अवघड होतं. तेवढ्यात समोरच्या मंगलाबाई विरजण मागायला आल्या. ज्ञानेशरावांनी वाटीबरोबर अंकही पुढे केला.

मंगलाबाईंनी तो बोटांनी चाचपला. "कागद छान जाड आहे हो भाऊजी. पोळ्यांच्या डब्यात खाली घालायला असाच हवा."

इथे वादळवीराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या मालिकेचं नाव न ऐकलेली माणसंही जगात सुखाने नांदत आहेत. वादळवीर दिवसा दिगंबर असतो आणि पोस्टात तिकिटं विकतो. शहरावर संकट आलं, म्हणजे डॉक्टर गंधक नावाच्या टकल्या शास्त्रज्ञाने ते आणलं, की दिगंबर खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावतो, डोळ्यांवर काळं फडकं बांधतो आणि वाऱ्यावर स्वार होतो. शहर वाचवून परत येतो, तेव्हा पाटी लावल्याबद्दल पोस्टमास्तर त्याला झापतात. तो मुकाट्याने ऐकून घेतो. शेजारच्या खिडकीवरची रजनी वादळवीरावर प्रेम करते आणि दिगंबरला पेन मागते. लहानपणी ज्ञानेशरावांना यातलं वाऱ्यावर उडणं आवडायचं. हल्ली मात्र ते पोस्टमास्तरांच्या प्रसंगाशी जास्त वेळ थांबत. एवढं सगळं करून आलेला माणूस काहीच कसा बोलत नाही, हे त्यांना साठीला समजू लागलं होतं.

तर, सांगायला कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी एक लहानसा बेत आखला. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोन टेबलं मांडायची, त्यावर सगळे अंक ठेवायचे, मध्ये 'गंधकाची विहीर'. पाचसहा माणसं येतील, बघतील, चहा घेतील. बस. यापेक्षा लहान बेत माणूस करू शकत नाही.

"नुसतं बघायला कोण येतंय?" मंगलाबाई म्हणाल्या. "खायला ठेवा काहीतरी. आणि आधी बोरस्तेसाहेबांना विचारा, नाहीतर ते ऐनवेळी कुलूप लावतील."

मोतीराम बोरस्ते हे सोसायटीचे सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नव्हती. जिन्यातल्या ट्यूबलाईटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यासाठी ते लेखी अर्ज घेत. ज्ञानेशरावांचा अर्ज त्यांनी चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला.

"चित्रकथांचं प्रदर्शन," ते म्हणाले. "हे कशात बसतं? हॉल मिळतो तो वाढदिवसाला, बारशाला, हळदीकुंकवाला आणि लोकोपयोगी कार्यक्रमाला."

"सांस्कृतिक म्हणा."

"सांस्कृतिकला भजनी मंडळाची ना हरकत लागते. रविवार सकाळ त्यांची."

भजनी मंडळाची हरकत नव्हती, पण चित्रांत मारामारी आहे का, अशी त्यांनी चौकशी केली. ज्ञानेशराव खोटं बोलू शकले नाहीत. मग मारामारी कोणत्या पानांवर आहे ते बघायला दोन वडीलधारी माणसं घरी येऊन गेली. त्यांनी चहा घेतला, एकही अंक उघडला नाही, आणि 'पुढच्या बैठकीत ठेवतो' म्हणून सांगितलं. ज्ञानेशराव पुन्हा बोरस्त्यांकडे गेले.

"एक करा कुलथेसाहेब," बोरस्ते म्हणाले. "मधुमेह तपासणी ठेवा. त्याला कोणी नाही म्हणत नाही. समोरच्या लॅबच्या डॉक्टर झेबा केव्हाच्या मागे लागल्यात. त्यांचं शिबिर, त्यातच एका कोपऱ्यात तुमचं टेबल."

डॉ. झेबा तरुण आणि हसतमुख होत्या. "कॉमिक्स? किती गोड! ठेवा ना काका," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'गोड' हा शब्द ऐकून ज्ञानेशरावांना किंचित भीती वाटली, पण त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर 'भव्य मोफत मधुमेह तपासणी शिबिर' होतं, कमिटीच्या सगळ्या सभासदांचे हसरे चेहरे होते, आणि खाली, जिथे छापखान्याचा फोन नंबर असतो त्याच्या वर, 'तसेच जुनी पुस्तके : श्री. ज्ञानेश कुलपे'. ज्ञानेशराव ते वाचत उभे राहिले. वॉचमन लखन जवळ आला. हा सुरगाण्याकडचा मुलगा, बोलायला लाघवी.

"तुमचं नाव आलं ना काका," तो म्हणाला. "लय भारी."

रविवारी सकाळी ज्ञानेशराव इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसले. समोर सगळे अंक, मध्ये 'गंधकाची विहीर', शेजारी 'कृपया हात लावू नये' अशी स्वतःच्या सुंदर अक्षरातली पाटी. हॉल माणसांनी भरला. पण ती उपाशी माणसं होती आणि उपाशी माणूस चित्राकडे बघत नाही. "उपाशीपोटीची लाईन हीच का?" असं जो तो त्यांनाच विचारत होता. सुरुवातीला ते नम्रपणे पलीकडे बोट दाखवत. मग नुसतं बोट. एका आजोबांनी तर समोर बसून बाही वर केली आणि डोळे मिटून घेतले. त्यांना दुखावणं ज्ञानेशरावांच्या जिवावर आलं. त्यांनी आजोबांचा हात हळूच खाली ठेवला आणि त्यांना झेबांकडे पोहोचवून आले. एवढ्या वेळात त्यांच्या टेबलावर घडलेली वैद्यकीय सेवा ती एवढीच.

रक्त देऊन झाल्यावर कमिटीने मिसळ आणली. "पोटभर खाल्लं तरच साखरेचं खरं काय ते कळतं," असं बोरस्त्यांनी जाहीर केलं, आणि हे शास्त्र सगळ्यांनी एकमताने मान्य केलं. मात्र खाल्ल्यानंतर पुन्हा रक्त द्यायला दोन तास थांबायचं होतं. हॉल तळमजल्यावर, पार्किंगच्या मागे. तिथे मोबाईलला रेंज येत नाही.

आता डोळ्यांसमोर आणा : तिखट मिसळ खाल्लेली सबंध सोसायटी, हातात मुका मोबाईल, आणि समोर दोन तास.

पहिला अंक मंगलाबाईंनी उचलला. पाटीवरच हात टेकून उचलला. ज्ञानेशराव "अहो, तर्री!" एवढंच म्हणू शकले. त्यांच्यामागून दुसरा हात आला, तिसरा आला, आणि बघता बघता टेबल मोकळं झालं. ज्ञानेशराव कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन खुर्च्याखुर्च्यांतून धावू लागले. "अंगठा पुसा. नाही, आधी पुसा, मग पान उलटा. अहो, थुंकी लावू नका हो!" एक लाल थेंब डॉक्टर गंधकाच्या टकलावर पडला. तो तिथे शोभला, हे खरं असलं तरी ज्ञानेशरावांच्या काळजात चर्र झालं.

मग हॉल हळूहळू शांत झाला. इतकी माणसं एका जागी असून पानांचा आवाज तेवढा येत होता. मध्येच कोणी फस्सकन हसलं. कोणी शेजाऱ्याला म्हणालं, "झालं का? द्या इकडे, याच्या पुढचा आहे तो."

"भाऊजी," मंगलाबाईंनी मोठ्याने विचारलं, "ही रजनी याला ओळखत कशी नाही? नुसतं फडकं तर बांधलंय मेल्याने डोळ्यांवर. नाक, तोंड सगळं तेच."

"तिचं लक्ष नसतं त्याच्याकडे," ज्ञानेशराव म्हणाले. "म्हणजे, दिगंबरकडे. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?"

"काहीतरीच! तिला ठाऊक आहे सगळं. दाखवत नाही ती."

"पण मग ती पेन का मागते रोज?"

"म्हणूनच मागते!"

यावर सबंध हॉलमध्ये दोन तट पडले. बाप्यांचं म्हणणं पडलं की तिला कळलेलं नाही, बायकांचं म्हणणं पडलं की बाप्यांनाच कळलेलं नाही. प्रश्न ज्ञानेशरावांकडे येऊ लागले. पोस्टमास्तर गंधकाला मिळालेला आहे का? याला आईवडील नाहीत का? ते उत्तरं देत होते, मागचेपुढचे संदर्भ सांगत होते, गंधकाचा आवाजही काढून दाखवत होते, आणि माणसं मान वर करून ऐकत होती. कागदी रुमालांचा गठ्ठा त्यांच्या हातून केव्हाच कुठेतरी राहिला होता. टेबलाशी गेले तेव्हा त्यांनी ती 'हात लावू नये'ची पाटी उचलली आणि पालथी घातली.

"चला, जेवणानंतरवाले!" झेबांनी हाक मारली.

माणसं उठली. दोन रांगा झाल्या, टोचून झालं, कापूस दाबून धरत जो तो आपापल्या जिन्याने गेला. रविवार होता, घरी कामं होती. हॉलमध्ये फक्त खुर्च्या राहिल्या आणि खुर्च्यांवर पालथे पडलेले वादळवीर.

"काका, तुमचं राहिलंच," म्हणत झेबांनी त्यांचंही बोट टोचलं. यंत्राकडे बघून त्या थोड्या गंभीर झाल्या. "वाढलीय जरा. पथ्य लागेल. घरी बघायला कोणी आहे ना?"

"आहेत ना," ज्ञानेशराव म्हणाले.

मग त्यांनी अंक गोळा केले, पुसले, ओळीने लावले. 'गंधकाची विहीर' नव्हती.

त्यांनी खुर्च्या उचलून बघितलं. मिसळीच्या पातेल्याखालीही बघितलं. संध्याकाळी सोसायटीच्या गटावर लिहिलं : 'आज हॉलमधून एक अंक चुकून कोणाकडे गेला असल्यास कृपया कळवावे.' उत्तरादाखल भराभर अंगठे आले, दोन ठिकाणी 'अभिनंदन' आलं, आणि कोणीतरी विचारलं, "रिपोर्ट कधी मिळणार?" म्हणून ते दारोदार गेले. प्रत्येक दाराशी चहा मिळाला आणि सल्ला मिळाला. कोणी म्हणालं, पोलिसांत द्या. कोणी म्हणालं, ऑनलाईन नवीन मिळत असेल. मंगलाबाईंनी शपथेवर सांगितलं, की पोळ्यांच्या डब्यात मी सध्या वर्तमानपत्र घालते, हवं तर येऊन बघा. ज्ञानेशरावांनी बघितलं नाही. पण बघावंसं वाटलं, याची त्यांना लाज वाटली.

शेवटी ते बोरस्त्यांकडे गेले. दार त्यांनी अर्धंच उघडलं. आत टीव्ही, नातवंडं, कुकरची शिटी, सगळं एकदम चालू होतं.

"हॉलचा कॅमेरा बघता येईल का?"

"कॅमेऱ्याला कमिटीचा ठराव लागतो," बोरस्ते घाईने म्हणाले. "आणि पोरांच्या एका पुस्तकासाठी काय एवढं, कुलथेसाहेब! तुमच्या वयाला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि दार लावून घेतलं.

ज्ञानेशराव जिना चढून घरी आले. रागावलं की ते भांडी घासत. त्या दिवशी त्यांनी स्वच्छ भांडीही घासली. उरलेले अंक पिशव्यांत घातले, पेट्या लावल्या आणि पलंगाखाली ढकलल्या. ही विहीर आपण उगाच शोधली, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. ती हरवलेली होती तोवर निदान शोधायला बाहेर पडायला कारण होतं. सरिताबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी साखरेचं सांगितलं नाही, विहिरीचंही नाही. दूध तापवलंय, एवढं सांगितलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ते कचऱ्याचा डबा घेऊन खाली उतरले. पार्किंगमध्ये बोरस्त्यांची पांढरी गाडी उभी होती आणि आतला दिवा चालू होता. बॅटरी उतरेल, म्हणून ज्ञानेशराव काचेतून डोकावले. बोरस्ते स्टिअरिंगमागे बसले होते. हातात सोसायटीच्या देखभालीची जाडजूड फाईल उघडलेली, आणि फाईलच्या आत, विहिरीच्या काठावर, दोन्ही हात वर करून हसणारे डॉक्टर गंधक.

ज्ञानेशरावांनी काचेवर टकटक केली. बोरस्त्यांनी फाईल मिटली, मग उघडली, मग पलीकडचं दार उघडलं.

"बसा," ते म्हणाले.

ज्ञानेशराव डबा खाली ठेवून बसले. काय बोलायचं ते त्यांनी चार दिवस मनात घोळवलं होतं. अगदी 'चोरी' हा शब्दही त्यात होता. पण बोरस्त्यांचा चेहरा बघून तो बाहेर येईना.

"देणार होतो," बोरस्ते म्हणाले. "देवाशपथ. मी पेठ तालुक्यातला. शाळेच्या वसतिगृहात हेच पुस्तक होतं, हे एकच. सगळ्यांच्या हातून फिरून त्याची शेवटची पानं गेलेली. ही रजनी विहिरीत, हा वादळवीर वर, आणि पुढे काही नाही. लय जीव लागला होता, कुलथेसाहेब. रात्री पोरं एकेक शेवट करायची. घरची आठवण आली की आम्ही हिला विहिरीतून काढायचो." त्यांनी फाईलवरून हात फिरवला. "पुढे नोकरी पाटबंधाऱ्यात. तालुक्यातल्या विहिरी बघायच्या. कोणत्याही विहिरीत वाकलो की वाटायचं, हिचं काय झालं असेल?"

"मग आता कळलं ना?"

"शेवटची पानं वाचायची ठेवलीत. धीर होत नाही."

"पण घरी बसून वाचायचं की. असं गाडीत..."

"घरी?" बोरस्ते हसल्यासारखं काहीतरी करत म्हणाले. "घरी आहेत सगळे. पण बोलायला कोण आहे? जो तो मोबाईलमध्ये. मी हे घेऊन बसलेला दिसलो तर तेवढ्यापुरती मान वर करतील, हसायला."

आपल्या रिकाम्या घराचा ज्ञानेशरावांनी पुष्कळ विचार केला होता. भरल्या घराचा केला नव्हता.

तेवढ्यात फाटकाचा खडखडाट झाला. गाडीत दिवा आणि दोन साहेब बघून लखनने धावत जाऊन फाटक सताड उघडलं होतं आणि तो सलाम ठोकून बाजूला उभा राहिला होता.

"आता निघायला लागेल," बोरस्ते म्हणाले.

"कुठे?"

"ते नाही माहीत. पण त्याने उघडलंय ना फाटक."

आणि सेक्रेटरीपदाची शान राखण्यासाठी त्यांनी गाडी सुरू केली. ज्ञानेशरावांनी फक्त काच खाली करून लखनला कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. पायात त्यांच्या घरातल्या सपाता होत्या.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बोरस्त्यांनी गाडी कडेला घेतली. दिवेलागण झाली होती. डोंगरावरून उतरणारी माणसं गाडीच्या बाजूने जात होती आणि महामार्गावर मुंबईकडे ट्रक लागले होते.

"सांगू नका हं," बोरस्त्यांनी बजावलं आणि फाईल उघडली.

ज्ञानेशराव मुद्दाम पलीकडच्या काचेतून बाहेर बघत बसले. वाचणाऱ्या माणसाकडे बघू नये, एवढं त्यांना कळत होतं. पान उलटल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळाने दुसऱ्याचा. मग एक खोल श्वास.

"बाहेर येते," बोरस्ते हळूच म्हणाले. "स्वतःच येते की हो. दोराला धरून, एकटी. हा नुसता वर उभा आहे. आम्ही सगळी पोरं उगाच याला आत उतरवत होतो."

"मला वाटतं तिला सगळं ठाऊक असतं," ज्ञानेशराव म्हणाले. हे मत आपण मंगलाबाईंचं उचललंय, हे त्यांनी सांगितलं नाही.

"असणारच. हे बघा ना, इथे तिचा चेहरा बघा." बोरस्त्यांनी अंक दोघांच्या मध्ये धरला. दिव्याखाली दोघं वाकले. रजनीचा चेहरा थोडा लाल होता. तिथे मिसळ पडली होती.

बोरस्त्यांचा फोन वाजला. घरून होता. गाडी लहान, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "अहो, कुठे आहात? न सांगता गेलात?"

"जरा बाहेर आहे. कुलथे आहेत बरोबर."

"कोण कुलथे?"

"आपल्या वरचे गं. ज्ञानेश कुलथे." बोरस्त्यांनी एकदा अंकाकडे आणि एकदा शेजारी बघितलं. "आम्ही बोलत बसलोय. वेळ लागेल."

ज्ञानेशराव बाहेर बघू लागले. गेल्या कित्येक महिन्यांत, ते या घडीला कुठे आहेत हे कोणीतरी कोणालातरी पहिल्यांदाच सांगितलं होतं. फोन बंद झाल्यावर त्यांनी अंक पुन्हा पहिल्या पानावर उघडला. वेळ लागेल असं सांगून झालंच होतं, तेव्हा घाई करण्याचं काही कारण नव्हतं.